फळीवरचं वर्ष

“मिठाची बरणी तुम्ही उचललीतच का, ते आधी सांगा.”

“उचलली. बरणीच आहे ना? राजमुकुट तर नाही?”

“चोवीस वर्षांत या घरात मीठ कुठं असतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. कमी पडलं तर ‘मीठ’ एवढंच म्हणायचं, की ते पायांनी चालत तुमच्या ताटाशी यायचं. आणि आज रविवारी सकाळी, तोंडसुद्धा न धुता, एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात माझ्या फळीवरचा कागद?”

“जुना झालाय म्हणून काढत होतो.”

“महिना नाही झाला घालून!”

“बरं, नसेल झाला. पण पंधरा दिवसांत इथून जायचंच आहे. शेगडीत घाल तो. तिकडच्या घरात नवा घालू.”

“चांगला कागद शेगडीत घालू? का? थंडी फार वाजतेय म्हणून?”

खिडकीशी बटाटे सोलत बसलेल्या नणंदेनं सुरी थांबवली. भावाची बाजू घ्यायची संधी तिनं आयुष्यात कधी सोडली नव्हती. “अगं, काढ म्हणतोय तर काढावा. पुरुषानं कधी नव्हे तो स्वयंपाकघरात हात लावला, तर त्याचीही उलटतपासणी! अशानंच ते पुन्हा लावत नाहीत.”

“वन्सं, सालं जाड निघतायत.”

“मी झोपायचं की उठायचं, ते एकदा ठरवा,” आतल्या खोलीतून मुलगी ओरडली. टेलिफोन कचेरीत तिची दुपारची पाळी होती.

नवऱ्यानं, जुळाऱ्यानं, बरणी खाली ठेवली, ती साखरेच्या जागी. मग खुंटीवरचा कोट ओढला आणि चहा न घेताच तो जिने उतरून गेला. तीन मजल्यांचे त्याचे पाय बायकोनं ऐकले. मग मिठाची बरणी उचलून तिच्या जागेवर ठेवली, कागद सारखा केला आणि भांडण जिंकल्याच्या समाधानात चहा गाळला. एक गोष्ट मात्र दाताच्या फटीत अडकल्यासारखी राहून गेली. हा माणूस भांडणात हरला की बडबडतो. आज गप्प गेला.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा. अठ्ठावीस वर्षं तो एकाच छापखान्यात, एकाच खिडकीखाली उभा होता. तीही तिथलीच. सोळाव्या वर्षी ती घडीच्या खात्यात लागली. मोठा छापील कागद घ्यायचा, हाडाच्या पट्टीनं तीनदा दुमडायचा, की सोळा पानं आपापल्या जागी बसतात. दुसरीच्या हातून एक घडी होते तोवर हिच्या दोन, म्हणून तिचं नावच ‘सोळापानी’ पडलं. लग्नानंतरही बरीच वर्षं छापखान्यातले जुने लोक तिला त्याच नावानं हाक मारत. मुलगी पोटात असताना तिनं काम सोडलं, पण हाताची सवय सुटली नाही. रुमाल असो, चादर असो, औषधाच्या पुडीचा कागद असो, तिच्या हातात आला की तीन घड्या पडायच्याच.

फळीवरच्या कागदाची प्रथाही छापखान्यातूनच घरी आलेली. तो छापखाना दरवर्षी एक घरगुती वार्षिक काढी. त्यात तारखा, टपालाचे दर, शाईचे डाग कसे काढावेत, भाजलं तर काय करावं, असं सगळं. आणि शेवटच्या पानावर ‘सरलेलं वर्ष’, म्हणजे जगात काय काय घडलं त्याची महिन्यावार यादी. नोव्हेंबरात छपाई झाली की त्या पानाचं तपासून झालेलं प्रूफ रद्दीत जायचं. ते जुळारी घरी आणी. ती त्याच्या मथळ्यावरच्या कोऱ्या जागेत कात्रीनं कमानी कापी आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर तो कागद अंथरी, कमानी बाहेर लोंबतील असा. आदल्या वर्षाचा कागद एक फळी खाली उतरे. फळ्या पाच. सहावं वर्ष शेगडीत जाई.

असा जगाचा इतिहास तिच्या स्वयंपाकघरात पाच मजल्यांवर राहत होता. मथळा बाहेरच्या बाजूला असल्यामुळे मजकूर समोरून उलटा दिसे. पण खिळे उलटेच वाचावे लागतात, आणि घडीवालीला कुठलंही पान कुठल्याही बाजूनं ओळखावं लागतं, त्यामुळे त्या घरात उलटं वाचणं कुणाला जड नव्हतं. शेजारणी गप्पांतून जग ओळखत. ही डबे पुसताना ओळखे.

यंदाचं वर्ष तिला पाठ झालं होतं. काठाशीच जानेवारी: चिली देशात भूकंप, गावंच्या गावं जमीनदोस्त. त्यावर चहाचा डबा. मग आफ्रिकेच्या टोकाशी कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला मासा, जो कोट्यवधी वर्षांपूर्वीच जगातून संपला असं विद्वानांनी लिहून ठेवलं होतं. हा मासा तिचा लाडका. “त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आहेस का म्हणून,” असं ती म्हणे. मग रोमचे जुने धर्मगुरू वारले, नवे निवडले. स्पेनमधली तीन वर्षांची भाऊबंदकी संपली. अमेरिकेत उद्याचं जग कसं असेल ते दाखवणारी मोठी जत्रा भरली. एक पाणबुडी बुडाली आणि तिच्यातली तेहतीस माणसं लोखंडी घंटेत बसवून वर काढली. ते वाचताना ती दर वेळी स्वतःही श्वास सोडायची. यावर साखर. मग ऑगस्ट, सप्टेंबर. जर्मनीची फौज पोलंडमध्ये शिरली आणि पाठोपाठ एकेका देशानं लढाई पुकारली. सप्टेंबर, ऑक्टोबर अगदी भिंतीशी, मिठाच्या बरणीखाली. तिथलं तिनं नीट वाचलंच नव्हतं. लढाईच्या बातम्या काय, जिन्यातसुद्धा मिळत होत्या.

आणि या सगळ्याच्या तळाशी, दरवर्षी, तीच एक ओळ: ‘एकंदरीत वर्ष शांततेत गेले.’

मागची मोठी लढाई संपली त्यानंतर हे वार्षिक सुरू झालं, तेव्हा मालकांच्या वडिलांनी ही ओळ स्वतः लिहून दिली होती. जुळाऱ्यानं ती जुळवली आणि छपाईनंतर बाकीचे खिळे सुटे करून आपापल्या खणांत टाकले, पण ही ओळ सोडली नाही. पुढच्या वर्षी लागेलच म्हणून दोऱ्यानं बांधून पत्र्याच्या डबीत ठेवली. ती लागलीच. एकोणीस वर्षं लागली. पूर आले, बँका बुडाल्या, राजे पळाले, पण डबीतली ओळ जशीच्या तशी. एकदा तिनं विचारलंही होतं, “एवढा भूकंप झाला, आणि वर्ष शांततेत कसं?” तो म्हणाला होता, “आपल्याकडं तर होती शांतता.” त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, “आपल्याकडं? कधी?”

यंदाही ती ओळ लागली. लढाईच्या यादीखाली, ठळक खिळ्यांत, हजारो प्रतींवर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक दुकानात आलं आणि शहर हसायला लागलं. मुलगी टेलिफोन कचेरीतून रोज नवा किस्सा आणी. “आज एका वकिलानं बायकोला फोन केला आणि नुसती ती ओळ वाचून ठेवून दिला. बाई तिकडं हॅलो हॅलो करतेय!” एका वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर चौकट टाकली. मालक मात्र हसले नाहीत. त्यांचा भाऊ मागच्या लढाईतून परत आला नव्हता.

प्रूफ वाचून सही करायचं काम प्रूफवाल्यांचं. एकतीस वर्षांची नोकरी, पाठीला बाक आणि बोलताना मध्येच थांबायची सवय, म्हणून सगळे त्यांना ‘स्वल्पविराम’ म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. ते म्हणाले, मी सही केली त्या प्रूफात ही ओळ नव्हती. मालक म्हणाले, दाखवा. प्रूफ सापडेना. मालकांनी जुळाऱ्याला बोलावलं. घरी येऊन जुळाऱ्यानं सांगितलं, “मला विचारलं, ओळ प्रूफात होती का. मी म्हटलं, दिवसाला इतकी पानं हाताखालून जातात, आठवत नाही.” महिनाअखेरीस प्रूफवाल्यांनी यायचं बंद करावं असं ठरलं.

तिला वाईट वाटलं, पण त्या आठवड्यात वाईट वाटून घ्यायला तिच्याकडं फारशी जागा नव्हती. जुना फोरमन वर्षअखेरीला निवृत्त होत होता, आणि ती जागा जुळाऱ्याला मिळायची होती. जागेबरोबर छापखान्यामागच्या दोन खोल्या. तळमजला. आणि स्वयंपाकघरात नळ.

नळ! ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. ती चोवीस वर्षं अंगणातल्या नळावरून तीन जिने दोन बादल्या चढवत होती. सकाळी चार खेपा, संध्याकाळी तीन. उजव्या खांद्यातून आता सुतारकाम चालल्यासारखा आवाज येई. खोल्या बघायला गेली तेव्हा तिनं तो नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. फोरमनची बायको म्हणाली, “गळत नाही हो.” ही म्हणाली, “गळत नाही म्हणून नाही, येतंय म्हणून बघतेय.” तिथली खिडकी पुरुषभर उंच. तिच्या मापाचं निळं कापड आणून तिनं पेटीत ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा ती पेटी उगाच उघडत होती.

दुपारी मुलगी कामावर गेली आणि थोड्या वेळानं दारावर दोन टिचक्या आल्या. प्रूफवाले. त्यांच्या हातात मुलीचा अर्ज होता. वरच्या जागेसाठी तिनं लिहिलेला आणि तपासायला दिलेला. इतक्या गडबडीतही ते विसरले नव्हते.

“बसा ना. चहा टाकते.”

“नको, जातो. बरं, अर्धा.”

ते शेगडीजवळच्या खुर्चीत बसले. वन्संना गोल गोल बोलणं कधी जमलं नाही. “काय हो, आता काय करणार तुम्ही?”

“वाचणार,” ते म्हणाले. “इतकी वर्षं, चुका शोधायला वाचलं. आता नुसतंच वाचीन.”

“पोटाला?”

“वन्सं!” तिनं कप पुढं केला.

ते हसले. “बरोबर विचारतायत. मी पण रोज तेच विचारतो. डोळे असे झालेत, दुसरा कोण ठेवणार? बहिणीकडं जाईन. तिचं घर लहान आहे, पण, मीही फार जागा घेत नाही.”

तिला घडीच्या खात्यातले पहिले दिवस आठवले. तेव्हा ती अक्षरं लावून लावून वाची. जेवणाच्या सुट्टीत या माणसानं तिला रद्दी प्रूफांवर वाचायला शिकवलं होतं. आईला लिहिलेली तिची पत्रं तपासून दिली होती आणि पत्रात काय होतं ते कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

चहा ढवळताना त्यांनी मान वर केली. समोर फडताळ. कमानी कापलेला कागद फळीवरून लोंबत होता, आणि एका कमानीत जांभळ्या पेन्सिलीची अर्धी खूण होती. त्यांचा चमचा थांबला. नजर काठावरून आत सरकली, चहाच्या डब्यावरून, साखरेवरून, आणि मिठाच्या बरणीशी जाऊन टेकली. तिथं ती बराच वेळ राहिली. मग त्यांनी उरलेला चहा गरमच पिऊन टाकला.

“साखर कमी झाली का?”

“सगळं ठीक आहे,” ते उठले. “अर्जात दोनच खुणा केल्यात. बाकी, पोरीनं चांगलं लिहिलंय.” दारात ते वळले. टोपी घातली आणि कठड्याला धरत खाली गेले.

ती फडताळाशी आली. मिठाची बरणी उचलली.

खाली ऑक्टोबर. त्याखाली जांभळ्या पेन्सिलीत ‘छापावे’, सही, तारीख. सहीच्या वर, जिथं ती ओळ असायची तिथं, काहीच नव्हतं. कोरा कागद, आणि त्यावर ओल धरलेल्या बरणीचं गोल वर्तुळ.

सगळा छापखाना ज्याच्यासाठी पालथा घातला ते तिच्या मिठाखाली होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि सकाळचं भांडणही तिला आता उलटं नाही, सुलटं वाचता आलं. डबीतली ओळ वाचायची नसते, नुसती ठेवायची असते. म्हणून यंदा प्रूफात लावायची राहून गेलेली ती ओळ सही झाल्यावर सवयीनं बसवून तो मोकळा झाला असणार. ती चूक होती. हात चुकतात. पण मालकांनी विचारलं तेव्हा ‘आठवत नाही’, ही हाताची चूक नव्हती.

तिनं कागद काढला. शेगडी हाताच्या अंतरावर होती. तिनं तिचं लोखंडी दारसुद्धा उघडलं. आत निखारे छान फुललेले. असा एक कागद, एवढ्या निखाऱ्यांत, श्वास सोडेपर्यंत राहणार नाही. मग निळे पडदे, तळमजला, आणि पाणी घरात. कुणाला कळणार? प्रूफवाले तर काही न विचारताच गेले होते. विचारलं असतं तर तिनं काहीतरी ठोकून दिलं असतं. तिची जीभ जड नव्हती. न विचारता गेले, हीच पंचाईत झाली.

“काय जळतंय गं?” वन्संनी विचारलं.

“अजून काही नाही.”

तिनं शेगडीचं दार लावलं. खुर्चीवर बसली. खांदा दाबत बराच वेळ बसून राहिली. नवऱ्याला मालक नोकरीतून काढणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मालकांचं अक्षर दुसऱ्या कुठल्याही जुळाऱ्याला लागत नसे. पण फोरमनकी गेली. आणि ती गेली की नळ गेला. हा हिशेब तिनं तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी दुमडून पाहिला, आणि तीनही वेळा पान त्याच जागी बसलं.

मग ती उठली. बादल्या घेऊन संध्याकाळच्या तीन खेपा करून आली. पेटी उघडली, निळं कापड काढलं, टेबलावर पसरलं आणि माप घेऊन आली या खोलीच्या खिडकीचं, अर्ध्या उंचीच्या.

“अगं अगं अगं!” कांदा चिरणाऱ्या वन्संच्या हातातली सुरी पडली. “तिकडची खिडकी केवढी आहे! पुरायचं नाही ते!”

कात्री सरळ शेवटपर्यंत गेली.

दिवेलागणीला जुळारी आला, मागोमाग मुलगी. हात धुता धुता त्याची नजर फडताळाकडं गेली. वरच्या फळीवर बरण्या उघड्या लाकडावर होत्या. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं.

“काढलास?”

“काढला.”

तो बसला. उकडलेले बटाटे, पाव, कांद्याचं सार. त्यानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, “मीठ.”

तिनं मिठाची वाटी त्याच्या ताटाशी ठेवली आणि वाटीशेजारी कागद. नकळत त्याच्या तीन घड्या पडल्या होत्या. कडेला जांभळी पेन्सिल दिसत होती.

मुलीनं बापाकडं पाहिलं, मग आईकडं. दिवसभर लोकांच्या तारा जोडणारी ती. तिला जोडायला सांगावं लागलं नाही.

“मी खोटं नाही बोललो,” जुळारी शेवटी म्हणाला. “आठवत नाही म्हटलं.”

“आणि बरणी कुठली उचलायची ते बरं आठवलं.”

“एकोणीस वर्षं ती ओळ कुणी वाचली नाही गं. मी नाही, मालकांनी नाही, वार्षिक विकत घेणाऱ्यांनी नाही. यंदाच कशी सगळ्यांना दिसली?”

“यंदा ती खोटी होती.”

“आणि नळ? मी काय माझ्यासाठी गप्प बसलो? रात्री खांदा धरून कण्हतेस ते मला ऐकू येत नाही?”

हे मात्र तिला लागलं, कारण हे खरं होतं. क्षणभर तिला वाटलं, कागद उचलावा आणि शेगडीचं दार उघडावं. माणसानं आपलं कण्हणं ऐकलंय एवढ्यावर बायका काय काय माफ करतात! तिनं सार वाढायचा डाव हातात घेतला.

“खांदा माझा आहे,” ती म्हणाली. “त्याच्यावर तुमचं ओझं ठेवू नका. स्वल्पविराम आले होते आज. त्यांनी हा कागद पाहिला, तिथनं, त्या खुर्चीतनं. आणि काही न बोलता गेले.”

जुळाऱ्यानं घास खाली ठेवला. वन्संनी तोंड उघडलं, भावाची बाजू शोधली, ती सापडली नाही, म्हणून पाव तोडला.

“आई,” मुलगी हळूच म्हणाली, “मग ते पडद्याचं कापड?”

तिनं सगळ्यांच्या ताटात सार वाढलं, स्वतःच्या शेवटी.

“पडदे मी या खिडकीच्या मापानं कापलेत. उद्या सकाळी हे हा कागद मालकांच्या हातात देणार आहेत. आणि आपण इथंच राहतोय.”